गावची पीपीटी कोणाच्या हातची?

पंचायत समितीच्या सभागृहाबाहेरचे एक दृश्य तुम्ही पाहिले असेल. पाहिले नसेल तर लवकरच पाहाल. आत साहेब मंडळी बसलेली असतात आणि एकेका गावाला दहा-दहा मिनिटे वाटून दिलेली असतात. बाहेर सरपंच, ग्रामसेवक आणि संगणक चालवणारा पोरगा मोबाइलात डोके घालून उभे असतात. सरपंच विचारतात, "अरे, ती पीपीटी आली का?" पोरगा म्हणतो, "पाठवली म्हणतोय तो, पण उघडंना झालीय." उघडली तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. अक्षरे नीट आली तर आकडे गेल्या सालचे निघतात. तेवढ्यात आतून गावाचे नाव पुकारले जाते.

मंडळी, हे हसण्यावारी नेऊ नका. शिवार फेरी झाली, वॉर्डसभा झाल्या, महिला सभा झाली, कोणता बंधारा गळतो आणि कोणत्या वस्तीला रस्ता नाही याची यादी झाली. एवढे सगळे त्या दहा मिनिटांत मांडायचे असते. ते नीट मांडले गेले नाही तर खरोखर गरज असलेले गाव मागे राहते आणि पडद्यावर चांगले दिसणारे गाव पुढे जाते. म्हणून आज बोलायचे ते बियाण्याबद्दल किंवा खताबद्दल नाही. अनेकांनी मिळून एकच सादरीकरण इंटरनेटवर तयार करण्याची जी साधने निघाली आहेत, ती आपल्या कामाची आहेत का आणि असली तर कोणते निवडावे, हे पाहायचे आहे.

कागदावरून पडद्यावर

संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ मध्ये सुरू झाले तेव्हा समिती गावात यायची, गल्लीबोळांतून फिरायची, नाल्या बघायची आणि गुण द्यायची. सादरीकरण म्हणजे गावच. पुढे चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीकडे येऊ लागला आणि 'आमचं गाव, आमचा विकास' या नावाने गावोगाव आराखडे होऊ लागले. २४ एप्रिल २०२० रोजी ई-ग्रामस्वराज पोर्टल आले. १७ सप्टेंबर २०२५ रोजी मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियान सुरू झाले. स्पर्धा आली की मूल्यमापन आले, आणि मूल्यमापन आले की हल्ली "तुमची पीपीटी आणा" असा निरोप येतोच. शेतकरी उत्पादक कंपनी बँकेत कर्ज मागायला गेली तरी हाच निरोप.

पीपीटी हे नाव 'पॉवरपॉइंट' या प्रोग्रामवरून पडले. तो १९८७ साली निघाला आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विकत घेतला. त्याची मूळ कल्पना एका माणसाची आणि एका संगणकाची. फाइल ज्याच्या संगणकात, मालक तोच. २००७ साली गुगलने असे सादरीकरण इंटरनेटवर ठेवून अनेकांनी एकाच वेळी लिहायची सोय केली. आज तशी सोय देणाऱ्या कंपन्या बऱ्याच आहेत.

हे सामाईक विहिरीसारखे समजा. विहीर एक, हिस्सेदार अनेक. प्रत्येकाने आपापल्या घरी घागर भरून ठेवण्यापेक्षा सगळे एकाच विहिरीवर येतात. जुन्या पद्धतीत ग्रामसेवकांकडे एक फाइल, ऑपरेटरकडे दुसरी, सरपंचांच्या व्हॉट्सॲपवर तिसरी, आणि 'फायनल', 'फायनल नवी', 'फायनल शेवटची' अशी नावे. एक ना धड, भाराभर चिंध्या. नव्या पद्धतीत फाइल एकच असते. ज्याला हक्क दिला तो आपल्या फोनवरून तीच उघडतो, लिहितो, आणि दुसऱ्याला ते त्याच क्षणी दिसते. पण सामाईक विहिरीवरून भांडणे का होतात हे तुम्हाला सांगायला नको. पाळी ठरलेली नसली की होतात. इथेही तसेच आहे.

रांगोळीचा नकाशा आठवा

साधन तपासायचे तर मोजमाप काय लावायचे? आपल्याकडे एक जुने आणि चांगले मोजमाप आहे. पाणलोटाच्या कामात गावकऱ्यांना पारावर जमवून जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढायची पद्धत आहे. जाणकार लोक तिला 'पीआरए' म्हणतात. ओढा इथून येतो, ही गायरान, इथे कोरडी विहीर. कुणी चूक काढली की दुसरा म्हातारा उठतो, हाताने रेघ पुसतो आणि नवी ओढतो. लिहिता न येणारी बाईसुद्धा "आमची वस्ती राहिली की" म्हणून दोन खडे ठेवून जाते.

एकत्र सादरीकरण म्हणतात ते हेच. सगळ्यांना दिसते, ज्याला माहिती आहे तो दुरुस्त करतो, आणि दुरुस्ती सगळ्यांसमोर होते. म्हणून कोणतेही साधन हाती घेतले की पहिला प्रश्न विचारा, हे रांगोळीच्या नकाशाच्या जवळ जाते का, की पुन्हा एकट्या ऑपरेटरच्या हाती गाव देते?

एका शून्याची किंमत

एक हिशोब बघा. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १० घनमीटर, म्हणजे १०,००० लिटर पाणी पडते. समजा गावाचे क्षेत्र १,००० हेक्टर आणि पाऊस ६०० मिलिमीटर. मग पडलेले पाणी झाले ६० लाख घनमीटर. आता टाइप करताना एक शून्य गळाले आणि पडद्यावर ६ लाख आले तर? किंवा एक वाढले आणि ६ कोटी झाले तर? पहिल्यात गावाचा सगळा ताळेबंदच खोटा दिसतो. दुसऱ्यात साहेब म्हणतील, "एवढे पाणी असताना बंधाऱ्याची दुरुस्ती कशाला मागता?"

हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायची पद्धत पाडली आणि पाऊस किती त्यावर पिके कोणती हे ठरवले. तिथे आकडा गावासमोर येतो, म्हणून तो तपासलाही जातो. आपल्याकडे आकडा तालुक्याच्या नेट कॅफेत टाइप होतो आणि गाव तो पहिल्यांदा पाहते ते साहेबांसमोर. चूक ऑपरेटरची नसते. त्याला गावातल्या विहिरी ठाऊक असायचे कारण नाही. ज्याला ठाऊक आहेत त्याला फाइल दाखवलीच नाही, ही चूक.

सात कसोट्या

आता साधन कसे पारखायचे ते बघू. बैल घेताना दात, खूर, चाल बघतो तसे हे बघा. अर्धा तास लागेल.

पहिली कसोटी मराठीची. साधन उघडा आणि 'शेतकऱ्यांच्या', 'दुसऱ्या', 'ज्ञानेश्वर', 'ॲप' हे चार शब्द लिहा. 'ऱ्या' मोडत असेल, अक्षरे एकमेकांवर चढत असतील तर ते साधन किंवा तो फॉन्ट आपल्या कामाचा नाही. लिखाण युनिकोडमध्येच करा. जुन्या श्रीलिपी, कृतिदेव वगैरे फॉन्टांत केलेली फाइल ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे उघडली की चित्रविचित्र रोमन अक्षरे दिसतात. फोनवर बोलून टाइप करायची सोय आहे. ती वापरा, पण नंतर वाचून घ्या. तिला आपल्या गावांची नावे धड समजतीलच असे नाही. देवनागरी आकडे टाकून आलेख निघतो का हेही त्याच वेळी बघा. निघत नसेल तर तक्त्यात इंग्रजी आकडे टाका.

दुसरी कसोटी फोनची. गावात संगणक एखादा, फोन घरटी. बचत गटाच्या ताईंना त्यांच्या फोनवरून स्लाइड उघडून शेरा लिहिता आला पाहिजे. नुसती बघता आली तर ते सामाईक नव्हे.

तिसरी कसोटी नेट गेल्यावरची. डोंगरपट्ट्यात, कन्नड-सोयगावकडे, आणि इतरत्रही रेंज येते-जाते. वीज गेली की टॉवरचाही भरवसा नाही. साधन नेटविना चालते का? चालत असेल तर ती सोय आधी चालू करून ठेवावी लागते का? बहुतेक ठिकाणी ठेवावी लागते. पाऊस आल्यावर कौले शाकारायला निघालो तर काय उपयोग?

चौथी कसोटी, कोणी काय बदलले ते कळते का? चांगल्या साधनात जुन्या आवृत्त्या जपलेल्या असतात. मंगळवारी कोणी आकडा बदलला हे दिसते आणि मागची फाइल परत आणता येते. एखाद्याने चुकून, किंवा गावकीच्या रागातून, चार स्लाइड पुसल्या तर ही सोय म्हणजे पीकविमाच.

पाचवी कसोटी हक्कांची. तीन पायऱ्या असतात. नुसते बघणारा, शेरा देणारा आणि बदल करणारा. बदल करायचा हक्क चार-पाच जणांनाच द्या. शेरा द्यायचा हक्क सगळ्या सदस्यांना. बाकीच्यांना बघायचा. बदल करता येईल अशी लिंक गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणे म्हणजे गोठ्याचे दार उघडे ठेवून जत्रेला जाणे.

सहावी कसोटी, फाइल बाहेर काढता येते का? पीपीटी आणि पीडीएफ या दोन्ही रूपांत उतरवून पेनड्राइव्हवर घेता आली पाहिजे. उतरवल्यावर मराठी शाबूत राहते का ते दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. उद्या कंपनी बंद पडली, दर वाढले, तरी गावची माहिती गावाकडे राहिली पाहिजे.

सातवी कसोटी खर्चाची. फुकट म्हणजे किती फुकट? जागा किती, आणि भरल्यावर काय? फोनमधून काढलेला एकेक फोटो पाच-सहा एमबीचा असतो. असे वीस फोटो घातले की फाइल शंभर एमबीच्या पुढे जाते आणि ती उघडण्यातच सदस्यांचा डाटा संपतो. फोटो आधी लहान करून घ्या.

चार साधने, चार स्वभाव

गुगल स्लाइड्स. अँड्रॉइड फोन असलेल्या बहुतेकांचे गुगल खाते आधीच असते, ही त्याची मोठी जमेची बाजू. एका फाइलवर एकाच वेळी शंभर जणांपर्यंत काम करता येते. मेल, फोटो आणि फाइली मिळून १५ जीबी जागा फुकट. जुन्या आवृत्त्या जपल्या जातात. क्रोममध्ये आधी सोय चालू केली तर नेटविनाही काम होते. दिसायला साधे. शेतातल्या रोजच्या चपलेसारखे, देखणे नाही पण चालायला बरे.

मायक्रोसॉफ्ट पॉवरपॉइंट. सरकारी कार्यालयांतले बहुतेक संगणक यालाच सरावलेले. इंटरनेटवरची आवृत्ती फुकट वापरता येते, फाइली ठेवायला ५ जीबी मिळतात आणि अनेकांना एकत्र कामही करता येते. मात्र ब्राउझरमधले पॉवरपॉइंट नेटशिवाय चालत नाही. संगणकात बसवायचे पूर्ण पॉवरपॉइंट विकत घ्यावे लागते. कार्यालयाने ते घेतलेलेच असेल तर दुसरीकडे जायची गरज नाही.

झोहो शो. ही कंपनी आपल्या देशातली, चेन्नईची. भारतातल्या ग्राहकांची माहिती भारतातल्याच केंद्रांत ठेवते. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपण कागदपत्रे, तक्ते आणि सादरीकरणे यांसाठी झोहोवर जात असल्याचे जाहीर केले, तेव्हापासून सरकारी कचेऱ्यांत हे नाव ऐकू येऊ लागले. एकत्र काम, शेरे, हक्कांच्या पायऱ्या या सोयी यातही आहेत. अडचण एवढीच की गावातल्या प्रत्येकाला नवे खाते उघडावे लागते. चार-पाच जणांचेच काम असेल तर ही अडचण मोठी नाही.

कॅनव्हा. ऑस्ट्रेलियातली कंपनी, २०१३ मध्ये सुरू झालेली सेवा. लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे बॅनर करणाऱ्या पोरांना हे पाठ असते. देवनागरी फॉन्ट भरपूर, तयार नमुने देखणे. मुकुटाची खूण असलेली चित्रे मात्र पैसे भरणाऱ्यांसाठी. यातली फाइल पीपीटी करून उतरवली की मांडणी हलण्याचा संभव असतो, म्हणून पीडीएफच काढावी. भिंतीवर लावायच्या फलकासाठी उत्तम. आकड्यांच्या आराखड्यासाठी आमची पसंती नाही, कारण सजावटीच्या नादात आकडा बाजूला पडतो.

याशिवाय लिब्रेऑफिस इम्प्रेस हा फुकट प्रोग्राम संगणकात बसवून ठेवावा. तो एकत्र कामाचा नाही, पण नेट नसताना पीपीटी उघडायला कामी येतो. घरात कंदील असावा तसा.

आमचे मत विचाराल तर ग्रामपंचायतीने गुगल किंवा झोहो यांपैकी एक निवडावे आणि दोन वर्षे तेच वापरावे. दर वर्षी वाण बदलणाऱ्याला कोणत्याच वाणाचा अंदाज येत नाही.

किल्ली कोणाकडे?

आता सगळ्यात महत्त्वाचे. फाइल कोणाच्या खात्यावर आहे? बहुतेक गावांत ती ऑपरेटरच्या किंवा उपसरपंचाच्या पुतण्याच्या खात्यावर असते. पोरगा नोकरीला वाळूजला किंवा पुण्याला गेला की खाते गेले, आणि गावाचा तीन वर्षांचा दप्तर-इतिहासही गेला. म्हणून ग्रामपंचायतीच्या नावाचे वेगळे खाते काढा. परत मिळवण्यासाठीचा नंबर कार्यालयाचा द्या. ग्रामसेवकांची बदली होते तेव्हा चार्ज यादीत रजिस्टरे, शिक्के, धनादेश पुस्तके लिहितात, त्यात आता हे खातेही लिहा आणि चार्ज घेणाऱ्याने त्याच दिवशी पासवर्ड बदलावा. (ग्रामसेवकाला आता 'ग्रामपंचायत अधिकारी' म्हणायचे ठरले आहे, पण गावात भाऊसाहेब ते भाऊसाहेबच.) खाते अधूनमधून उघडत राहा. दोन वर्षे अजिबात न वापरलेली खाती गुगल काढून टाकू शकते, हे धोरण डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

आणि काय दाखवायचे नाही हेही ठरवा. लाभार्थ्यांच्या यादीतले आधार क्रमांक, बँक खाती, मोबाइल नंबर, आजाराची माहिती स्लाइडवर येता कामा नये. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला आहे. कायदा नसता तरी शेजाऱ्याचे खाते पडद्यावर लावणे शोभले नसते. 'घरकुल मिळाले : अमुक कुटुंबे' एवढा आकडा पुरेसा आहे.

काम लावायचे कसे?

पंधरा दिवस हाताशी धरा. पहिल्या दिवशी मासिक सभेत स्लाइडा वाटून द्या. पाणी एकाकडे, रस्ते दुसऱ्याकडे, शाळा-अंगणवाडी मॅडमकडे, बचत गट ताईंकडे, शेती कृषी सहायकांच्या मदतीने एखाद्या जाणत्या शेतकऱ्याकडे. प्रत्येकाने आपल्याच स्लाइडला हात लावायचा, दुसऱ्याच्या स्लाइडवर फक्त शेरा लिहायचा. पुण्या-मुंबईला असलेल्या गावच्या पोरांना मांडणी करायला सांगा. ती आनंदाने करतात. आकडा मात्र गावातल्याच माणसाने टाकायचा.

स्लाइडा दहा-बाराच ठेवा. एका स्लाइडवर एकच गोष्ट. अक्षर एवढे मोठे की मागच्या रांगेतल्या आबांना चष्म्याशिवाय वाचता यावे. पडदा आडवा-रुंद आहे की जुना चौकोनी, हे आधी विचारून पानाचा आकार ठरवा. नंतर बदलला की सगळे विस्कटते.

दहाव्या दिवशी फाइलीच्या छापील प्रती काढून चावडीवर लावा. शेजारी एक पेन दोरीने बांधा. ज्याला फोन जमत नाही तो त्या कागदावर खूण करील. तेराव्या दिवशी त्या खुणा फाइलीत चढवा आणि मग बदल करायचा हक्क सगळ्यांचा काढून घ्या. चौदाव्या दिवशी पीडीएफ व पीपीटी पेनड्राइव्हवर, एक प्रत सरपंचांच्या फोनमध्ये, एक छापील. सभागृहात नेट असेल असे गृहीत धरूच नका.

एवढे करून पडदा बंद पडला तर? तर सरपंचांनी उभे राहून बोलावे. पंधरा दिवस ज्यांनी आकड्यांवर वाद घातला, त्यांना आकडे तोंडपाठ झालेले असतात. या साधनांचा खरा फायदा हाच आहे. आपल्या शेजारचे पाटोदा पाहायला राज्यभरातून लोक येतात ते पीपीटी पाहायला येत नाहीत. काम आडात असेल तरच पोहऱ्यात येईल.

तेव्हा येत्या मासिक सभेत एक छोटा विषय घ्या. भाऊसाहेबांना विचारा, "आपल्या गावची मागची पीपीटी कुठे आहे, आणि ती कोणाकोणाला उघडता येते?" उत्तर लगेच आले तर चांगलेच. भाऊसाहेब खिशातला फोन काढून कोणाला तरी विचारू लागले, तर काम कुठून सुरू करायचे ते तुम्हाला कळले.